इंग्रजीतला निबंध आणि बातमी : पहिला खर्डा मराठीत लिहू द्यावा का?

शाईची_दौत

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला निबंधलेखन आणि माध्यमलेखन असा पेपर आहे. वर्गात साठ-सत्तर मुलं-मुली, बहुतेक सगळी मराठी माध्यमातून आलेली. वाचलेलं इंग्रजी बऱ्यापैकी समजतं, लिहायला बसली की हात थांबतो.

पाणीटंचाईवर निबंध दिला की वहीमागून वही 'वॉटर इज लाइफ' या वाक्याने उघडते. पुढे पृथ्वीवर पाणी किती, त्यातलं पिण्याजोगं किती, सरकारने काय करावं, आपण सर्वांनी काय करावं. गाईडमध्ये आहे तसंच. तोच मुलगा तास संपल्यावर व्हरांड्यात भेटला आणि मी विचारलं, "तुमच्या गावात टँकर कधी येतो रे?" तर थांबेचना. टँकर रात्री येतो, ड्रायव्हर सरळ विहिरीत पाइप सोडतो, पाणी विहिरीत पडतं न पडतं तोच वरून पोहरे पडतात, नंबर जाऊ नये म्हणून त्याची आजी विहिरीपाशीच बाज टाकून झोपते. यातलं एक अक्षर वहीत नव्हतं. का नाही लिहिलंस, तर म्हणाला, "मॅडम, हे निबंधात चालतं का?"

तेव्हापासून माझं मत झालंय की पहिला खर्डा मुलांना मराठीत, हवं तर घरच्या बोलीत लिहू द्यावा आणि तो घेऊन इंग्रजीकडे जावं. विभागातल्या सहकाऱ्यांना हे पटत नाही. अशाने मुलं कायम भाषांतरच करत राहतील, असं ते म्हणतात. इथे शिकवणारे, पत्रकार, परदेशात शिकलेले असे बरेच जण आहेत. तुमचा अनुभव काय?

गोदाकाठ

महत्त्वाचा विषय. वाचतोय.

कर्ता_कर्म

मॅडम, तळमळ पोचली, पण मी तुमच्या सहकाऱ्यांच्या बाजूचा आहे. मीही आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, आता निवृत्त आहे.

मराठीत खर्डा लिहिला की वाक्याचा सांगाडा मराठी होतो. आपण 'सकाळी उठून, आंघोळ करून, डबा घेऊन, एसटी पकडून कॉलेजला गेलो' असं एका दमात लिहितो आणि क्रियापद शेवटी येतं. इंग्रजी वाचकाला कोणी काय केलं हे वाक्याच्या सुरुवातीलाच लागतं. हा सांगाडा मोडून नवा उभारायचा तर दोन्ही भाषांवर पकड हवी, आणि ती या मुलांकडे नाही म्हणूनच तर हा पेपर आहे. मग मूल काय करतं? मराठी खर्डा मोबाईलमध्ये टाकतं, इंग्रजी बाहेर काढतं आणि वहीत उतरवतं. तुम्हाला वाटतं खर्डा सुधारला.

माझा तोडगा असा : टिपणं मराठीत, वाक्यं इंग्रजीत. टिपणात पूर्ण वाक्य लिहायला बंदी. 'टँकर – रात्री – पाइप विहिरीत – आजी – बाज' एवढंच. त्यावरून थेट इंग्रजीत छोटी छोटी वाक्यं. एका वाक्यात एकच क्रियापद. पहिलं सत्र एवढंच करवून घ्या.

टवाळ_पोर

गाईचा निबंध पाठ करून गेलेल्या मुलाला परीक्षेत नदी आली, तर त्याने गाय पाणी प्यायला नदीवर नेली आणि पुढे पूर्ण निबंध गाईवर लिहिला. 'वॉटर इज लाइफ'वाल्यांना सांगा, टँकरच्या रांगेत गाय उभी केली तरी चालेल :)

डेस्कवरचा

मुंबईत एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर आहे. नव्याने येणारी मुलं रोज पाहतो, मोठ्या शहरातली आणि जिल्ह्यातली, दोन्हीकडची.

मॅडम, व्याकरणाची चूक आमच्या हातून अर्ध्या मिनिटात निघते. बातमीत नसलेली माहिती आम्ही बसल्या जागी कुठून आणणार? कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा प्रश्न सगळ्यांना पाठ असतात, पण जागेवर जाऊन विचारलेले नसतात. माणसाचं नाव कसं लिहितात ते त्यालाच विचारलं नाही, वय नाही, किती क्विंटल ते नाही, हे कोण म्हणालं त्याचा पत्ता नाही.

एक उदाहरण देतो. केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव थांबले. तेव्हा प्रशिक्षणाला आलेल्या एका मुलाला बाजार समितीत पाठवलं होतं. त्याच्या बातमीची पहिली ओळ : भारत हा कृषिप्रधान देश आहे. दुसऱ्या परिच्छेदात कांद्याचं आहारातलं स्थान. सहाव्या परिच्छेदात मात्र एक शेतकरी होता. त्याने पहाटे ट्रॅक्टर भरून आणला होता, लिलाव होणार नाही हे त्याला गेटवर कळलं आणि भरलेली ट्रॉली घेऊन तो परत निघाला होता, डिझेलचा खर्च अंगावर. मी एवढंच केलं : सहावा परिच्छेद उचलून पहिला केला, निर्यातबंदीची तारीख आणि मुदत दुसऱ्यात घातली, कृषिप्रधान देश काढून टाकला. सगळी वाक्यं त्याचीच होती, इंग्रजी साधं होतं आणि छापण्याजोगं होतं.

उलटा पिरॅमिड म्हणतात तो हाच. सगळ्यात महत्त्वाचं आधी, मग उतरत्या क्रमाने, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. आपल्या शाळेत निबंध बरोबर उलटा शिकवतात : आधी प्रस्तावना, महत्त्वाचं शेवटी. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने आधी ही सवय मोडायला हवी, पहिला खर्डा कुठल्या भाषेत हा पुढचा प्रश्न.

परभणीचा_पोरगा

@शाईची_दौत ताई, मी तुमच्याच वर्गात बसू शकलो असतो असा मुलगा. आज इंग्रजीत बातम्या लिहून पोट भरतो.

आमच्या सरांनी पहिल्या तासाला वर्गात बसवलंच नाही. एसटी स्टँडवर नेलं आणि म्हणाले, इथे जे दिसतंय, ऐकू येतंय ते वहीत उतरवा, मत लिहायचं नाही. 'स्टँडवर घाण होती' हे मत. काय होतं? उसाच्या चिपाडांचा ढीग, त्यावर माश्या, फलाट क्रमांक खोडून खडूने लिहिलेला दुसरा क्रमांक, चौकशीच्या खिडकीवर 'आत कोणी नाही' असं कोणीतरी बॉलपेनने लिहिलेलं. हे सगळं आम्ही मराठीतच लिहिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी त्यातल्या निवडक गोष्टी फळ्यावर घेतल्या आणि वर्गाने मिळून इंग्रजी केलं. अडलेला शब्द सगळ्यांचा अडलेला असायचा, त्यामुळे लाज वाटायची नाही. चिपाडाला काय म्हणायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी सर म्हणाले, नाव येत नसेल तर वस्तू कशी दिसते ते लिहा, रस काढून उरलेला ऊस.

म्हणून माझं मत तुमच्या बाजूने, मात्र एक अट घाला. मराठी खर्डा एकट्याने घरी बसून इंग्रजीत न्यायचा नाही, वर्गात सगळ्यांनी मिळून न्यायचा. कर्ता_कर्म सर म्हणतात तो मोबाईलचा धोका घरी आहे, फळ्यासमोर नाही.

मावळतीकडे

अमेरिकेत पीएच.डी. करताना विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवलं, त्यावरून थोडं लिहिते.

तिथे हा विषय जवळपास प्रत्येक विद्यापीठात पहिल्याच वर्षी असतो. हार्वर्डने १८८५ च्या सुमारास तो सुरू केला आणि मग सगळीकडे पसरला. आपल्याकडे शेवटच्या वर्षी एक पेपर असतो, त्यांच्याकडे लेखनाने सुरुवात होते आणि पुढे सगळे विषय त्यावर उभे राहतात. लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची भूमिका आहे की एका वर्गात २० पेक्षा जास्त मुलं नसावीत, १५ असली तर उत्तम. कारण उघड आहे, प्रत्येक निबंध दोन-तीन खर्ड्यांतून जातो आणि प्रत्येक खर्डा कोणीतरी वाचावा लागतो. याच संघटनेने १९७४ मध्ये ठराव केला होता की विद्यार्थ्याला स्वतःच्या घरच्या भाषेचा, बोलीचा हक्क आहे. त्यावर तिथेही भरपूर वाद झाला, आजही होतो.

मला तिथे कळलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट ही की पहिल्या खर्ड्यावर व्याकरणाची एकही खूण करायची नाही. वाचक म्हणून दोन-तीन प्रश्न फक्त समासात लिहायचे. 'आजी रात्रभर तिथेच असते का?' 'टँकर आला नाही तर काय करता?' मूल उत्तर द्यायला बसतं आणि निबंध वाढतो. व्याकरण दुसऱ्या खर्ड्याला, तेही एका वेळी एकाच प्रकारची चूक. यावेळी फक्त काळ, पुढच्या वेळी फक्त 'अ', 'ॲन', 'द'. लाल शाईने भरलेली वही मुलं वाचत नाहीत, गुण बघून मिटतात.

शाईची_दौत

@मावळतीकडे, २० मुलांचा वर्ग ऐकूनच हेवा वाटला. माझ्याकडे सत्तर मुलांचे दोन खर्डे म्हणजे एका निबंधाला एकशेचाळीस वह्या, त्यात पेपर तपासणी, नॅकची कागदपत्रं, प्रवेशाची कामं. मुलांनी एकमेकांचं वाचणं करून पाहिलं आहे, पण 'छान आहे', 'अक्षर सुंदर आहे' याच्यापुढे जात नाहीत. मित्राची चूक काढणं त्यांना वाईटपणाचं वाटतं.

@परभणीचा_पोरगा, फळ्यावर मिळून लिहिणं मात्र सत्तर मुलांतही जमेल. हे मी नक्की घेते.

मावळतीकडे

त्यांना चूक काढायला सांगूच नका. दोनच कामं द्या : जे वाक्य वाचून डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं त्याखाली रेघ मारायची आणि जिथे आणखी कळायला हवं होतं तिथे प्रश्नचिन्ह. कोणालाच वाईटपणा येत नाही आणि रेघा कुठे पडल्या हे पाहून लिहिणारा आपोआप शिकतो.

रेशीमगाठी

ह्या रेघेच्या पद्धतीसाठी धागा साठवून ठेवला. आठवीच्या वर्गातही करता येईल.

बोरीबंदर_लोकल

खर्डा वगैरे सगळं ठीक, पण आता मुलं थेट चॅटजीपीटीकडून लिहून आणतात. नोव्हेंबर २०२२ नंतर घरी दिलेल्या निबंधाला काही अर्थ उरला आहे का? आमच्या कॉलेजने यंत्राने लिहिलेलं ओळखणारं सॉफ्टवेअर घेतलंय, तेच वापरा.

मावळतीकडे

@बोरीबंदर_लोकल, त्या सॉफ्टवेअरवर मुलाचे गुण ठरवू नका अशी कळकळीची विनंती. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी स्वतः लिहिलेले निम्म्याहून जास्त निबंध यंत्राने लिहिलेले म्हणून दाखवले गेले. साधे शब्द, ठराविक वाक्यरचना म्हणजे यंत्र, असा त्या साधनांचा हिशेब असतो. आपली मुलं नेमकी तशीच लिहितात. चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीनेही स्वतःचं असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं.

परभणीचा_पोरगा

यंत्राला त्या आजीच्या बाजेविषयी कुठून कळणार? विषयच असा द्यायचा की माहिती गावात जाऊन आणावी लागेल. टिपणवही सोबत जमा करायला सांगा. कोणाशी बोललास, कधी, तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत. टिपणवहीला गुण ठेवले की अर्धा प्रश्न मिटतो.

बोरीबंदर_लोकल

आणि टिपणंही यंत्राकडून बनवून आणली तर?

डेस्कवरचा

उलटतपासणी करा. आम्ही रोज करतो. "ट्रॅक्टर कुठल्या रंगाचा होता?" जो गेला होता त्याला सांगता येतं.

मांडवीतीर

पणजीहून. आमच्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. मुलं घरी कोंकणी बोलतात, काही मराठी वाचतात, शाळा-कॉलेज इंग्रजीत. इंग्रजी लिहिताना हात थांबत नाही, वाक्य सरळ येतं. पण मासळी बाजारावरचा लेख द्या, सगळ्यांचा एकसारखा. पापलेट, वाढते भाव, पर्यटक, प्लॅस्टिक. बायका कोंकणीत काय बोलल्या ते कोणाच्याच लेखात नाही. म्हणजे नुसतं इंग्रजी आलं म्हणून हा प्रश्न सुटत नाही हे मी सांगू शकतो.

डेस्कवाल्यांना एक विचारायचं आहे. माणूस कोंकणीत किंवा मराठीत बोलला, बातमी इंग्रजीत. अवतरणचिन्हांत काय लिहायचं? माझे विद्यार्थी बाजारातल्या आजीच्या तोंडी वकिलासारखं इंग्रजी घालतात.

डेस्कवरचा

@मांडवीतीर, फार मोलाचा प्रश्न आणि अभ्यासक्रमात याला जागा नसते. आमचा रिवाज असा : छोटं, साधं आणि अर्थ नक्की असलेलं वाक्य असेल तरच अवतरणात. बाकी सगळं अप्रत्यक्ष, 'त्यांनी सांगितलं की'. इंग्रजी वाक्प्रचार त्या माणसाच्या तोंडी घालायचे नाहीत. आणि मूळ बोलणं टिपणवहीत मूळ भाषेतच ठेवायचं. उद्या कोणी म्हणालं की मी असं बोललोच नाही, तर तीच वही कामाला येते. म्हणजे बातमीचा पहिला खर्डा आम्हीही एका अर्थी मराठीतच करतो.

शिकवताना कायद्याचंही थोडं सांगा, कृपा करून. मुलं पोलिसांच्या प्रेसनोटवरून लिहितात : 'चोराला अटक'. न्यायालयाने ठरवेपर्यंत तो संशयित किंवा आरोपी. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड होईल असं काहीही छापणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव गाळून गाव, वडिलांचा व्यवसाय आणि शाळा लिहिली तरी ओळख पटते, हे वीस वर्षांच्या मुलाच्या लक्षात येत नाही. ते पहिल्याच सत्रात सांगायला हवं. बदनामी कलम ३५६ मध्ये आहे. मुलं समाजमाध्यमांवर रोज लिहितात, त्यामुळे हे सगळ्यांच्याच उपयोगाचं.

साधा_माणूस

मला मूळ मुद्दाच पटत नाही. तालुक्यातल्या पोराला इंग्रजी बातमी लिहायला शिकवून काय मिळणार? जिल्ह्यात मराठी दैनिकं आहेत, पोर्टलं आहेत, तिथे काम आहे. यूपीएससीचा २५० गुणांचा निबंधाचा पेपरसुद्धा मराठीत लिहिता येतो. आधी धड मराठी लिहायला शिकवा.

परभणीचा_पोरगा

दादा, धड मराठीबद्दल शंभर टक्के मान्य. पण आमच्याकडच्या गारपिटीची बातमी दिल्लीत वाचली जाते ती इंग्रजीत, आणि ती लिहायला बहुतेक वेळा बाहेरून कोणीतरी येतं, दोन दिवस फिरतं आणि जातं. गावच्या पोराला ती लिहिता आली तर त्याला सोयाबीन आणि हरभरा कुठल्या हंगामात असतात हे शोधावं लागणार नाही.

जुनी_पानं

@साधा_माणूस, आपल्याकडे ही दोन कामं कधी वेगळी नव्हतीच. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं ते एका रकान्यात मराठी, शेजारी इंग्रजी. राज्यकर्त्यांना इथलं म्हणणं कळावं आणि इथल्यांना नव्या विद्या कळाव्यात, दोन्ही हेतू. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' दोन दिवसांच्या अंतराने निघाले, मराठीतला 'केसरी' आगरकरांकडे आणि इंग्रजीतला 'मराठा' टिळकांकडे. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक' मराठीत काढलं आणि त्यांचे मोठे ग्रंथ इंग्रजीत आहेत. वाचक कोण, यावर ही माणसं भाषा ठरवत होती.

मॅडम, वर्गात 'दर्पण'चे दोन रकाने दाखवा. एकच मजकूर दोन वाचकांसाठी कसा बदलतो, हे मुलं शेजारी शेजारी ठेवून वाचतील. मुलांच्या मनातली भीती घालवायला याहून चांगलं साधन मला सुचत नाही.

टवाळ_पोर

म्हणजे मराठी माध्यमाच्या मुलांनी इंग्रजी पत्रकारिता करणं ही नवी गोष्ट नसून पावणेदोनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे. हे आमच्या कॉन्व्हेंटवाल्या मावसभावाला पाठवतो.

कर्ता_कर्म

सगळं वाचलं. जुनी_पानं यांचा रकान्यांचा मुद्दा आवडला, त्यावरून सुचलेलं लिहितो.

रकाने शेजारी ठेवणं आणि एकावरून दुसरा उतरवणं यात फरक आहे. 'मराठीत लिहा आणि मग इंग्रजी करा' याला माझा विरोध अजूनही आहे. पण 'ही गोष्ट आजीला सांगायची असेल तर मराठीत लिहा, आणि दिल्लीतल्या अनोळखी माणसाला सांगायची असेल तर इंग्रजीत, मराठी कागद उलटा ठेवून' असं सांगितलंत तर मी तुमच्या बाजूने आहे. आजीला टँकर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दिल्लीच्या माणसाला गाव कुठे आहे, पाऊस किती पडला, विहीर कोणाची, हे सगळं सांगावं लागतं. तिथे वाक्याची रचना आपोआप बदलते, कारण सांगण्याचा क्रम बदलतो. कागद उलटा ठेवणं ही अट मात्र सोडू नका.

निबंध आणि बातमी यांतला फरकही इथेच शिकवता येईल. बातमीत लिहिणाऱ्याने बाजूला राहायचं. निबंधात त्याने आपला विचार मांडायचा, पण पुराव्यानिशी. 'सरकारने उपाय करावेत' हे वाक्य निबंधात आलं की मी विद्यार्थ्याला विचारायचो, कोणत्या खात्याने, कोणता उपाय, त्याने तुझ्या आजीची बाज घरी जाईल का?

गोदाकाठ

कागद उलटा ठेवण्याची कल्पना लाजवाब आहे, सर.

मांडवीतीर

डेस्कवाल्यांचे आभार. 'टिपणवही मूळ भाषेत' हे उद्यापासून लागू.

शाईची_दौत

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. या सत्रात असं करायचं ठरवलंय :

सुरुवातीला गावातली एखादी जागा : बाजार, स्टँड, रेशन दुकान, विहीर, दवाखान्याची रांग. टिपणवही मराठीत, मत न लिहिता. मग त्यातलं काही फळ्यावर सगळ्यांनी मिळून इंग्रजीत. त्यानंतर आजीसाठी एक पान मराठी, कागद उलटा, आणि अनोळखी वाचकासाठी एक पान इंग्रजी. ते मित्राकडे, रेघा आणि प्रश्नचिन्हांसाठी. माझ्याकडे येईल तो दुसरा खर्डा, आणि त्यात मी एकाच प्रकारची चूक बघणार. म्हणजे सत्तर वह्या झेपतील.

अडचण एकच उरते. विद्यापीठाच्या परीक्षेत शेवटी 'पुढीलपैकी एका विषयावर निबंध लिहा' असंच येणार आणि तिथे 'वॉटर इज लाइफ'वाल्याला गुण मिळतात. मुलं मला विचारणारच, मॅडम, आम्ही तुमच्यासारखं लिहिलं आणि तपासणाऱ्याला आवडलं नाही तर? अंतर्गत मूल्यमापनाचे गुण माझ्या हातात आहेत तेवढे टिपणवही आणि दुसऱ्या खर्ड्याला देईन. बाहेरच्या पेपरचं काय करावं?

कर्ता_कर्म

बरीच वर्षं मॉडरेटर होतो म्हणून सांगतो. तपासणारा तीनशे पेपरांच्या गठ्ठ्यात बसलेला असतो, त्याच त्या प्रस्तावनेने कंटाळलेला. पहिल्याच ओळीत बाज टाकून झोपलेली आजी आली तर तो पेन खाली ठेवून वाचतो. मुलांना एवढंच सांगा की वाक्यं छोटी ठेवा, परिच्छेद वेगळे पाडा, विषय सोडू नका आणि दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात जिल्ह्याचा पाऊस, टँकरची संख्या अशी खात्रीची माहिती द्या. माहिती जिल्हा प्रशासनाच्या टंचाई अहवालात मिळते. अशा उत्तराला कमी गुण द्यायला परीक्षकाकडे कारण राहत नाही.

डेस्कवरचा

@शाईची_दौत, सत्राच्या शेवटी वर्गातले निवडक पाच-सहा दुसरे खर्डे मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टिपणवहीच्या फोटोसकट. आमच्या डेस्कवर बातमीवर जशा खुणा करतो तशा करून परत पाठवीन, म्हणजे मुलांना खरा संपादित कागद बघायला मिळेल. छापण्याचं आश्वासन माझ्या हातात नाही, पण टँकरचं पान असेल तर ते आधी पाठवा, उन्हाळ्याच्या आत.